बीएमडब्ल्यू एक्स५ला मोठी अलॉय चाकं आणि टायर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खालची मापं मे २०१९ पासून भारतात मिळणाऱ्या जी०५ पिढीच्या एक्स५ची आहेत. दुसऱ्या गाडीचं माप असेल तिथे तिचं नाव दिलं आहे. हिशोबाची पद्धत मात्र ऑडी क्यू७, मर्सिडीज जीएलई, रेंज रोव्हर स्पोर्ट, कुठल्याही गाडीला लागू पडते. फक्त आकडे त्या गाडीचे घ्या.

१९ इंची चाकं काढून २२ इंची लावली तर गाडी उंच होते का?

नाही, आणि होऊही नये. रिम मोठं होतं तेवढी टायरची भिंत, म्हणजे साइडवॉल, कमी होते. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो. मापात, उदाहरणार्थ २६५/५० आर१९ मध्ये, २६५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ५० म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के भिंत, आणि १९ म्हणजे रिमचे इंच. कंपनीचीच मापं घेऊन बघा:

- २६५/५० आर१९: भिंत १३२ मिमी, एकूण व्यास ७४८ मिमी
- २७५/४५ आर२०: भिंत १२४ मिमी, व्यास ७५५ मिमी
- २७५/४० आर२१: भिंत ११० मिमी, व्यास ७५३ मिमी
- २७५/३५ आर२२: भिंत ९६ मिमी, व्यास ७५१ मिमी

हिशोब सोपा आहे. रुंदी गुणिले टक्केवारी म्हणजे एका बाजूची भिंत. तिची दुप्पट करा आणि रिमचे इंच २५.४ ने गुणून त्यात मिळवा. दुकानात जाण्याआधी हे गणित फोनवर करून ठेवा. 'तुमच्या मापाचा नाही, पण २८५/४० आर२२ शिल्लक आहे, तोही बसेल' असं सर्रास सांगितलं जातं. त्या टायरचा व्यास ७८७ मिमी, म्हणजे २१ इंची मापापेक्षा साडेचार टक्क्यांच्या आसपास जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ ने पळत असेल, आणि टायरचा माथा १७ मिमी वर सरकलेला असेल. एक्स५च्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये नकलचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो हब धरणाऱ्या तुकड्याचा, वरचा भाग नेमका टायरच्या माथ्यापाशी येतो. टायर सगळ्यात आधी तिथेच घासतो.

मग महाराष्ट्रातल्या रस्त्यांसाठी किती इंच?

आमचं मत स्पष्ट आहे: रोजच्या वापराला २०, हौस असेल तर २१. गाडी फक्त शहरात आणि द्रुतगती मार्गावर चालणार असेल आणि एखादं रिम वाकल्यावर दुसरं घेण्याची तयारी असेल, तरच २२. एकोणीसवरून बावीसवर जाताना ३६ मिमी रबर कमी होतं. खड्ड्याची धार रिमपर्यंत पोचू नये म्हणून जो गादीसारखा भाग असतो, तोच हा. मुंबई-गोवा महामार्गाचे उखडलेले पट्टे, उड्डाणपुलांचे लोखंडी जोड, गावात शिरतानाचे उभट गतिरोधक, या सगळ्यांचा मार आधी रबर खातं. रबर संपलं की तो रिम खातं.

रिम 'बसतं' म्हणजे नेमकं काय काय जुळायला हवं?

पाच गोष्टी. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांचं वर्तुळ: ५x११२, म्हणजे पाच भोकं, ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर. मधलं भोक: ६६.५ मिमी. बोल्टचा आटा आणि बसण्याचा आकार: एम१४x१.२५ (१४ मिमी जाडी, दोन वेढ्यांत १.२५ मिमी अंतर), शंकूसारखी बैठक. रिमची रुंदी आणि ईटी, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं त्याचा आकडा. आणि रिमची भार पेलण्याची क्षमता, जी बहुतेक जण विचारतच नाहीत.

मधलं भोक मोठं असेल तर हब रिंग लावून जुळवता येतं. ते लहान असेल तर रिम बसणारच नाही, आणि लेथवर भोक वाढवून आणण्याच्या फंदात पडू नका. रिंग ॲल्युमिनियमची घ्या. स्वस्त प्लास्टिकची रिंग घाटात ब्रेक तापल्यावर मऊ पडते, चाक मध्यावर राहत नाही आणि स्टिअरिंगला थरथर येते.

ईटीचा आकडा कसा वाचायचा?

रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बैठक यांच्यातलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ईटी. आकडा जितका लहान, तितकं चाक बाहेर. पण रुंदी बदलली की नुसत्या ईटीवरून काही कळत नाही, दोन्ही कडा वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

मूळ रिम ९ इंच रुंद, ईटी ३५ आहे आणि नवं १० इंच रुंद, ईटी २५ आहे असं धरा. ९ इंच म्हणजे २२८.६ मिमी, निम्मे ११४.३. आतली कड ११४.३ अधिक ३५ म्हणजे १४९.३ वर, बाहेरची ११४.३ वजा ३५ म्हणजे ७९.३ वर. नव्या रिमचे निम्मे १२७. आतली कड १५२ वर, बाहेरची १०२ वर. म्हणजे आत पावणेतीन मिमी, आणि बाहेर तब्बल २३ मिमी. आत जागा निघेल, पण बाहेरून टायर मडगार्डच्या रेषेपलीकडे जाईल, दाराखालच्या पट्टीवर खडी मारेल आणि व्हील बेअरिंगवरचा ताणही वाढवेल. मूळ मापापासून बाहेर १० मिमीच्या आत राहावं, असं आम्ही सांगतो.

मर्सिडीज, ऑडी किंवा जुन्या एक्स५ची चाकं चालतील का?

जुन्या एक्स५ची, म्हणजे ई७० आणि एफ१५ पिढीची, अजिबात नाही. त्यांचा पीसीडी ५x१२० आणि मधलं भोक ७४.१ मिमी. 'बीएमडब्ल्यूचीच आहेत' एवढ्यावर जुनी चाकं विकत घेणारे इथेच फसतात.

मर्सिडीज आणि आताच्या ऑडीचा पीसीडी ५x११२ च आहे, मधलं भोकही जवळपास तेवढंच, त्यामुळे चाक हबवर आरामात सरकतं. खरा धोका त्यानंतरचा आहे. त्यांच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते आणि आटा एम१४x१.५ चा. तो बोल्ट एक्स५च्या हबमध्ये सुरुवातीचे एक-दोन वेढे जातो, मग अडतो, आणि कुणी इम्पॅक्ट गनने रेटला की हबचा आटा गेलाच. उलट, एक्स५चा शंकूचा बोल्ट गोल बैठकीच्या रिमला लावला तर तो एका बारीक रेषेवरच टेकतो. आज घट्ट वाटतो, शंभर-दोनशे किलोमीटरवर सैल होतो. रिमची बैठक गोल असेल तर गोल बैठकीचे, पण एम१४x१.२५ आट्याचे बोल्ट वेगळे मागवावे लागतात.

बोल्टची लांबीही तपासा. आट्यात निदान बोल्टच्या जाडीइतकी, म्हणजे १४ मिमी पकड हवी. १.२५ च्या आट्याला हाताने सुमारे ११ पूर्ण वेढे. बोल्ट जास्त लांब असेल तर मागे काहीतरी घासतं. म्हणून पाचही बोल्ट लावल्यावर चाक हाताने एकदा पूर्ण फिरवून ऐका.

स्पेसर लावून बाहेर काढलं तर?

हबवर नीट बसणारा, स्वतःची गळपट्टी असलेला पातळ स्पेसर आणि त्याच्याइतके लांब बोल्ट, इथपर्यंत ठीक. ५x१२० ची चाकं ५x११२ वर बसवण्यासाठी मिळणारे ॲडॉप्टर मात्र भरल्या वजनाने पावणेतीन टनांवर जाणाऱ्या गाडीला लावू नयेत.

टायरवर मापाशिवाय काय वाचायचं?

मापानंतरचा आकडा आणि अक्षर. २७५/४५ आर२० ११० वाय मधला ११० म्हणजे एका टायरची क्षमता १०६० किलो. २७५/४० आर२१ वर १०७ असतो, म्हणजे ९७५ किलो. २७५/३५ आर२२ वर १०४, म्हणजे ९०० किलो. रिम मोठं होतं तशी टायरमधली हवेची जागा कमी होते आणि भारक्षमता उतरते. दिसायला दणकट वाटणारं बावीस इंची चाक वजन पेलण्यात वीस इंचीपेक्षा दुबळं असतं.

चालकाच्या दारापाशी असलेल्या पट्टीवर प्रत्येक ॲक्सलचा कमाल भार लिहिलेला असतो. त्याचे दोन भाग करा आणि टायरचा आकडा त्याहून सरळ वर असल्याची खात्री करा. साइडवॉलवर 'एक्सएल', म्हणजे जास्त भार पेलणाऱ्या टायरची खूण, हवीच. अक्षरांत व्ही म्हणजे ताशी २४० किमी, डब्ल्यू २७०, वाय ३००. इतक्या वेगाने कुणी जात नाही हे खरं, पण वरच्या वर्गाचा टायर उष्णता जास्त सोसतो, म्हणून मूळ अक्षराच्या खाली उतरू नका.

उत्पादनाचा आठवडा चार आकड्यांत असतो: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मोठ्या मापाचे टायर दुकानात लवकर खपत नाहीत, त्यामुळे हा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जून २०२० मध्ये केंद्राने प्रवासी गाड्यांच्या नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणली. तेव्हापासून २१ आणि २२ इंची मापांना वाट बघावी लागते. रिम घेण्याआधी त्या मापाचा टायर मिळतो का, हे आधी विचारा. आणि त्यावर आयएसआयचं चिन्ह आहे का ते बघा.

पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर घ्यावेत का?

कंपनीचं २० इंची माप पुढे २७५/४५, मागे ३०५/४० असं आहे. २१ ला मागे ३१५/३५, २२ ला ३१५/३०. रुंदी वेगळी असली तरी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या व्यासातला फरक अर्ध्या टक्क्याच्या आतच ठेवला आहे. त्याचं कारण एक्सड्राइव्ह, म्हणजे बीएमडब्ल्यूची चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा. पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये क्लच असतो. चाकांचे घेर जुळले नाहीत तर तो क्लच सरळ रस्त्यावरही सतत घसरत राहतो, तेल तापतं, आणि काही महिन्यांनी पार्किंगमध्ये हळू वळताना गचके बसू लागतात. दुरुस्तीचा खर्च चारही टायरांपेक्षा जास्त होतो.

म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे घ्या, झिजही सारखी असू द्या. शक्यतो साइडवॉलवर छोटा तारा असलेले घ्या. ती खूण बीएमडब्ल्यूने तपासून मान्य केलेल्या टायरची असते. एकच टायर फुटला तर निदान त्या ॲक्सलची जोडी बदला, आणि उरलेल्या जोडीची नक्षी किती उरली आहे ते मोजूनच.

ज्यांचं चालवणं जास्त आहे त्यांना आम्ही चारही चाकं सारखी घ्यायला सांगतो. दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढची मागे करता येतात. रुंदी वेगळी असली की तो मार्ग बंद होतो, आणि मागचे टायर आतल्या कडेला आधी झिजतात.

रनफ्लॅट सोडून साधे टायर घेतले तर?

गाडी मऊ चालते, हे नक्की. रनफ्लॅटची भिंत कडक असते, हवा गेल्यावरही सहसा ताशी ८० किमीच्या आत ८० किमीपर्यंत जाता येतं. ते सोडल्यावर गाडीत पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप ठेवावाच लागतो. नक्षीच्या भागातला खिळा आतून मशरूम पॅच लावून कायमचा दुरुस्त होतो. साइडवॉल कापली तर कुठल्याही किटचा उपयोग नाही, टोइंगच बोलवावं लागतं. रात्री-अपरात्री कोकणात किंवा विदर्भात एकट्याने जाणाऱ्यांनी हे आधीच ठरवून घ्यावं.

रिम खरेदी करताना काय तपासायचं?

चाक उलटं करा. मागच्या बाजूला रुंदी, ईटी आणि कमाल भार कोरलेला असतो. सेडानसाठी बनवलेल्या, ६९० किलो क्षमतेच्या रिमवर एक्स५ उभी करू नये. ९०० च्या वर बघा. जपानी जेडब्ल्यूएल, व्हीआयए किंवा जर्मन टीयूव्हीची खूण असेल तर ती चाचणीतून गेल्याची निशाणी. पण नुसती खूण कोरणं अवघड नसतं, म्हणून विक्रेत्याकडून चाचणीचा कागद मागा.

बनावटीचे तीन प्रकार. साधं ओतीव सगळ्यात स्वस्त आणि जड. फ्लो-फॉर्म्डमध्ये कड दाबून लांबवलेली असते, त्यामुळे हलकं आणि चिवट. फोर्ज्ड सर्वात हलकं आणि महाग. धक्क्यात ओतीव तडकतं, फोर्ज्ड बहुधा वाकतं. मूळ चाक टायरसकट वजनकाट्यावर ठेवा, नवंही ठेवा. नवं चाक काही किलोंनी जड निघालं तर उचल, ब्रेक, मायलेज आणि खड्ड्यावरची चाल, सगळ्यांतच फरक पडणार.

बसवण्याच्या दिवशी कामाचा क्रम काय असावा?

चारही टायर चढवण्याआधी एक रिकामं पुढचं रिम गाडीवर लावून बघायला सांगा. टायर एकदा चढवला की दुकानदार माल परत घेत नाही.

एअर सस्पेन्शन असेल तर जॅक लावण्याआधी त्याची आपोआप पातळी राखण्याची क्रिया बंद करा. नाहीतर गाडी जॅकवर असतानाच उंची बदलायला बघते. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, मधल्या गळपट्टीवर कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. बोल्टच्या आट्याला ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. तेलावर तोच टॉर्क दिला तरी बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

रिकामं रिम फिरवून ब्रेक कॅलिपरपासूनचं अंतर बघा. बॅलन्सिंगसाठी चिकटवायच्या वजनांची जाडी धरून वर निदान ३ मिमी मोकळं राहायला हवं. ते जमलं तर टायर चढवा. इतक्या कमी भिंतीचा टायर, त्यातही रनफ्लॅट, चढवायला मदतीचा हात असलेलं मशीन लागतं. साध्या मशीनवर टॉमीने ओढला तर रिमची कड सोलते, किंवा टायरची बीड, म्हणजे रिमला धरणारी आतली कड, फाटते आणि मग हवा महिनाभर हळूहळू जात राहते. बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका. नाही बसली तर हवा सोडून पुन्हा साबण लावावा.

पुढची दोन्ही चाकं लागली की गाडी जमिनीवर उतरवून सस्पेन्शन सगळ्यात खालच्या पातळीवर न्या. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा आणि आत टॉर्च मारा: नकल, आतलं प्लास्टिकचं अस्तर, मडगार्डची कड. मागच्या सीटवर माणसं बसवून मागचंही बघा. दुकानासमोर मोकळ्या गाडीत घासत नाही आणि भरल्या गाडीत घाटाच्या वळणावर घासतं, याचं कारण ही तपासणी राहिलेली असते.

बोल्ट हाताने सुरू करा, चांदणीच्या क्रमाने आवळा, शेवटचा टॉर्क १४० न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचने. पोर्श कायेनसारख्या गाडीला १६० लागतो, त्यामुळे 'सगळ्यांना सारखाच' असं म्हणणाऱ्याला थांबवा. ८० ते १०० किमी चालवल्यावर पुन्हा तपासा. नवीन रंग दबतो आणि बोल्ट किंचित सैल होतात.

हवा किती ठेवायची?

तुमचं नवं माप दाराच्या पट्टीवर असेल तर तिथे लिहिलेली. नसेल तर टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यावरून काढून घ्या. मूळ दाबापेक्षा कमी मात्र नकोच. एक्सएल टायर आपली पूर्ण क्षमता ४२ पीएसआयला देतो, ३२ ला नाही. गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी करणं ही बावीस इंची चाकांवरची सगळ्यात महागडी चूक: टायर तापतो, खड्ड्यात रिमपर्यंत चेपतो. समृद्धी महामार्गावर मे महिन्यात सिमेंटवरून ताशी १२० ने तासन् तास जाताना कमी हवेचा टायर आतून जळतो, बाहेरून काही दिसत नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा.

हवेच्या दाबाचे सेन्सर?

एक्स५च्या प्रत्येक चाकात सेन्सर असतो. जुन्यातले काढून नव्यात बसवता येतात, वॉशर आणि व्हॉल्व्हची पिन मात्र नवीन टाका. चाकं दोन संच असतील तर ४३३ मेगाहर्ट्झचे सुसंगत सेन्सर वेगळे घ्या. मग गाडीच्या स्क्रीनवर टायर सेटिंगमध्ये नवं माप निवडून रीसेट करा आणि थोडं अंतर चालवा.

८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग तर झालंय.

पावसाळ्यात असेल तर आधी चाकाच्या आतली बाजू धुवा. रुंद रिमच्या आत चिखल बसून वाळतो आणि तेवढ्यानेच बॅलन्स जातो. त्यानंतर चिकटवलेली वजनं पडली का बघा. रिम स्पिरिटने न पुसता लावलेली वजनं पहिल्याच पावसात निघतात. मग हब रिंग, मग रिम वाकलं आहे का, आणि शेवटी टायरचा गोलपणा. थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवली तर दोष पुढच्या चाकात, सीटमध्ये जाणवली तर बहुधा मागच्या.

रिम वाकलं किंवा टायरला फुगा आला तर?

फुगा म्हणजे आतले धागे तुटले. टायर त्याच दिवशी बदला, तो दुरुस्त होत नाही. आतल्या कडेचा किरकोळ वाक मशीनवर काढता येतो. तडा गेलेलं, विशेषतः काडीला किंवा बोल्टच्या भोकापाशी तडकलेलं रिम वेल्डिंग करून वापरू नका. वेल्डच्या उष्णतेने शेजारचं ॲल्युमिनियम मऊ पडतं आणि पुढचा तडा तिथूनच जातो.

पावसाळ्यात रुंद टायर घसरतात का?

रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. नक्षीच्या खोलीची कायद्याने किमान मर्यादा १.६ मिमी आहे. ३१५ रुंदीच्या टायरला ३ मिमी उरल्यावरच बदला, तेही जूनच्या आधी.

आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. कलम १८२-अ (४) खाली प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेलं माप घेणं हा सुरक्षित रस्ता. मडगार्डबाहेर आलेलं चाक मात्र लांबूनच नजरेत भरतं.

विमा कंपनीला नवी चाकं लेखी कळवा, बिल जोडा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे. फक्त खड्ड्यात टायर फुटला, रिम वाकलं, तर त्यासाठी टायर-रिमचं वेगळं संरक्षण लागतं. ते घेताना मूळ चाकांसाठीच आहे का, हे विचारून घ्या.

जुनी चाकं विकून टाकू का?

ठेवा. वॉरंटीच्या वादात, गाडी विकताना, किंवा नव्या मापाचा टायर दोन महिने मिळाला नाही तर तीच उपयोगी पडतात. टायरसकट ठेवत असाल तर आडवी, एकावर एक. उन्हापासून आणि जनरेटर-मोटरपासून लांब, कारण त्यांच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन रबर चिरतो. प्रत्येकावर खडूने जागा लिहा: पुढे डावं, मागे उजवं. मूळ बोल्टही त्याच पिशवीत बांधून ठेवा.